धरणाची उंची आणि न्यायाचे माप : अलमट्टी जलाशयाच्या विस्ताराचा एक अभ्यास

इतिहासाच्या तासाला शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आम्ही अनेक वर्षे शिकवीत आलो आहोत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची संगती याच तंट्याशी लावली, हे आपल्या वाचकांना विदित आहेच. शाक्य संघापुढे युद्धाचा ठराव आला, तेव्हा सिद्धार्थाने त्यास विरोध केला. दोष कोणाचा याची आधी चौकशी करावी, असे त्याने सांगितले. पुढे त्याने तोडगाही सुचविला : शाक्यांनी दोन माणसे निवडावीत, कोलियांनी दोन निवडावीत, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा.

२०१९ च्या महापुरानंतर शाळा पुन्हा भरली, त्या दिवसांत हा पाठ चालू असताना सातवीतील एक विद्यार्थी उभा राहिला. त्याचे गाव कृष्णाकाठी आहे. त्या पुरात त्याच्या घरातील पाणी माळ्यापर्यंत चढले होते आणि त्याची वह्यापुस्तके वाहून गेली होती. त्याने विचारले, "गुरुजी, रोहिणीचं मिटलं. आपल्या कृष्णेचं काय? अलमट्टी वाढवली तर आमचं घर परत बुडणार का?"

आम्ही त्या दिवशी त्याला सरळ उत्तर देऊ शकलो नाही. आम्ही इतिहासाचे शिक्षक, अभियंता नव्हे. परंतु उत्तर न देण्याचे खरे कारण ते नव्हते. आम्ही तोवर या प्रश्नाचा अभ्यासच केला नव्हता. वर्तमानपत्रातील मथळे आणि सभांतील भाषणे एवढीच आमची शिदोरी होती. तो विद्यार्थी आता आपल्या शाळेचा माजी विद्यार्थी झाला आहे. ही स्मरणिका त्याच्या हाती पडेल, या भरवशाने त्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे मांडीत आहोत.

प्रश्न नेमका काय आहे?

अलमट्टी हे धरण कर्नाटकात, विजयपूर आणि बागलकोट जिल्ह्यांच्या सीमेवर कृष्णा नदीवर आहे. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि जलाशयास त्यांचेच नाव देण्यात आले. आज त्यात समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटर पातळीपर्यंत पाणी साठविले जाते. त्या पातळीला साठा सुमारे १२३ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, होतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. ही पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यावी, असा कर्नाटकाचा प्रस्ताव आहे. फरक ४.६५६ मीटरचा, म्हणजे सव्वापंधरा फुटांचा. एका मजल्याहून थोडा अधिक. परंतु जलाशय ही उभी टाकी नसते. तो पसरट ताटासारखा असतो, म्हणून काठ थोडा उंचावला की पाणी आडवे फार दूर पसरते.

या सव्वापंधरा फुटांचा इतिहास मोठा आहे. न्या. बचावत यांच्या अध्यक्षतेखाली १९६९ मध्ये नेमलेल्या पहिल्या कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७३ मध्ये निवाडा दिला. त्याने महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि आंध्र प्रदेशास ८०० टीएमसी पाणी वाटून दिले. पुढे अलमट्टीच्या उंचीवरून आंध्र आणि कर्नाटक सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २००० मध्ये न्यायालयाने ५१९.६० मीटरपर्यंतच साठा करण्यास मुभा दिली. न्या. ब्रिजेशकुमार यांच्या दुसऱ्या लवादाने डिसेंबर २०१० मध्ये ५२४.२५६ मीटरला अनुमती दिली आणि २०१३ च्या पुढील अहवालात ती कायम ठेवली. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या आदेशामुळे हा निवाडा राजपत्रात प्रसिद्ध झाला नाही. जोपर्यंत तो प्रसिद्ध होत नाही, तोपर्यंत त्यास अंमलबजावणीचे बळ नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने वाढीव जलाशयासाठी भूसंपादनाचे दर ठरविले, तर महाराष्ट्र सरकारने त्याच वर्षी उंचीवाढीस विरोध नोंदविला. प्रश्न जिवंत आहे तो असा.

लाभाचे पारडे

ज्याला आपण प्रतिपक्ष समजतो त्याची बाजू आधी ऐकावी, हा सिद्धार्थाने शाक्य संघात घालून दिलेला पाठ आहे. म्हणून आरंभ कर्नाटकाच्या बाजूने करू.

वाढीव साठ्यातून ऊर्ध्व कृष्णा प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यास १३० टीएमसी पाणी मिळावयाचे आहे. मुळवाड, चिम्मलगी, इंडी, कोप्पळ आदी योजनांद्वारे विजयपूर, बागलकोट, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ आणि गदग या जिल्ह्यांतील सुमारे ५.९४ लाख हेक्टर, म्हणजे साडेचौदा लाख एकरांहून अधिक जमीन भिजावी, असे कर्नाटक सरकारने जाहीर केले आहे. हे जिल्हे पर्जन्यछायेत येतात. येथील दुष्काळ आपल्या माणदेशाच्या, जत-आटपाडीच्या दुष्काळाचा सख्खा भाऊ आहे. गोव्यातील बांधकामांवर, पुण्या-मुंबईच्या नाक्यांवर, आपल्याच भागातील उसाच्या फडांत विजयपूर-कलबुर्गीकडून आलेली कुटुंबे आपण पाहतो. पाऊस दगा देतो तेव्हा तेथील माणूस घराला कुलूप लावून निघतो आणि त्याच्या मुलांची शाळा सुटते. आपल्यासारख्या निवासी शाळा ज्या मुलांसाठी निघाल्या, त्याच जातीची आणि त्याच अवस्थेची ती मुले होत.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. विजापूर जिल्हा, ज्यात तेव्हा बागलकोटही होते, १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा त्या प्रांतात नाशिक-सातारा होते तसे विजापूर-धारवाडही होते. राज्यांच्या सीमा नंतर आल्या. त्या मातीतील तहानेला परकी तहान म्हणणे आम्हास जमत नाही.

हानीचे पारडे

आता दुसरे पारडे. कर्नाटक सरकारच्याच आकड्यांनुसार वाढीव जलाशयाखाली सुमारे ७५ हजार ५६३ एकर जमीन जाईल. वीस गावे आणि बागलकोट शहराचे अकरा प्रभाग बुडिताच्या कक्षेत येतात. बागलकोट हे घटप्रभेच्या काठचे जुने गाव. धरणाचे पाणी घटप्रभेच्या पात्रातून मागे सरकल्याने त्याचा मोठा भाग याआधीच उठवून नवनगरात वसवावा लागला. काही कुटुंबांवर दुसऱ्यांदा उठण्याची पाळी येणार आहे.

येथे एक गणित मांडू. साडेचौदा लाखांहून अधिक भिजणारे एकर भागिले पाऊण लाख बुडणारे एकर. उत्तर येते सुमारे एकोणीस. एक एकर बुडेल आणि एकोणीस एकर भिजेल, असा हिशेब ऐकला की कोणाचेही मत लाभाकडे झुकेल. परंतु कालवे, वितरिका आणि पुनर्वसन वसाहती यांनाही जमीन लागते. ती धरून एकूण संपादन सुमारे १ लाख ३३ हजार एकरांचे आहे. मग एकोणीसाचे अकरा होतात. भिजलेल्या काळ्या जमिनीत निचऱ्याची सोय नसेल, तर काही वर्षांत तिचा एक भाग पाणथळ व क्षारपड होतो. शिरोळ, मिरज, वाळवा या आपल्या सुपीक तालुक्यांत आपण हे डोळ्यांनी पाहिले आहे. उसाच्या लोभाने पाणी दिले आणि जमिनीवर मीठ फुलले. तेव्हा अकराचा आकडाही अखेरपर्यंत अकरा राहीलच असे नाही. उपसा योजनांच्या विजेचे बिल, गाळाने दरवर्षी घटणारा साठा आणि उन्हाळ्यात विस्तृत पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन हेही खर्चाच्याच बाजूचे.

तरीही समजा, सगळे वजा जाऊन लाभच जड भरला. येथेच इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून एक प्रश्न विचारावयाचा असतो. ज्याचा एक एकर बुडाला तो आणि ज्याचे एकोणीस एकर भिजले तो, ही एकच व्यक्ती आहे काय? नाही. एकाच्या हानीतून दुसऱ्याचा लाभ वजा करून येणारी बाकी कागदावर खरी असते. त्या बाकीने बुडणाऱ्याच्या घरी चूल पेटत नाही. म्हणून जलाशयाच्या हिशेबात बेरीज-वजाबाकीच्या आधी नावांची यादी हवी : कोणाचे जाणार, कोणाला मिळणार.

महापुराचा आरोप : ऐकीव आणि तपासलेले

महाराष्ट्राच्या बाजूने सर्वांत मोठी भीती पुराची. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी सांगली-कोल्हापूरकडे महापूर आले. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले; तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे नाव उलटून माणसे बुडाली. 'हे सारे अलमट्टीमुळे' असे वाक्य त्या दिवसांत प्रत्येकाच्या तोंडी होते. आमच्याही होते.

शास्त्र काय सांगते ते पाहू. वाहत्या नदीचे पाणी उताराने धावते. जलाशयाचे पाणी जवळजवळ सपाट असते. नदी जलाशयास मिळते तेथे तिचा वेग मंदावतो आणि पाण्याची पातळी मागे काही अंतरापर्यंत चढते. यालाच फुगवटा म्हणतात. वेग मंदावला की नदीने आणलेला गाळ तेथेच बसतो, पात्र वर येते आणि वर्षानुवर्षांनी फुगवट्याचे टोक आणखी मागे सरकू शकते. सांगली-शिरोळ पट्ट्यात कृष्णेचा उतार मुळातच मंद, वळणे पुष्कळ, आणि नृसिंहवाडीस पंचगंगेचे पाणीही येऊन मिळते. तेव्हा भीती निराधार म्हणता येत नाही.

दुसरीकडे, महाराष्ट्र सरकारनेच २०१९ च्या पुरानंतर निवृत्त सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात त्या पुराचा दोष अलमट्टी किंवा हिप्परगी बंधाऱ्यावर ठेवला नाही. थोड्या दिवसांत कोसळलेला असाधारण पाऊस, पूररेषेच्या आत झालेली बांधकामे, पात्रातील अडथळे ही कारणे तिने पुढे ठेवली. अनेक कार्यकर्त्यांनी व जाणकारांनी हा निष्कर्ष मान्य केला नाही.

दोन्ही बाजू वाचून आमचे मत असे झाले आहे. आजच्या ५१९.६० मीटर पातळीने २०१९ चा पूर आणला, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा आमच्यासमोर नाही. परंतु त्यावरून ५२४.२५६ मीटर पातळी निर्धोक ठरते, असे म्हणणेही चूक होय. पहिला प्रश्न झालेल्या पुराचा आहे, दुसरा सव्वापंधरा फूट उंच पाण्याचा आणि पुढील पन्नास वर्षांच्या गाळाचा आहे. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यास चिकटविता येत नाही. शिवाय धरणाची उंची हा प्रश्नाचा अर्धाच भाग होय. ते केव्हा भरावयाचे, हा उरलेला अर्धा भाग. जुलै-ऑगस्टमध्ये जलाशयात जागा मोकळी ठेवली, तर तेच धरण पुराचा लोंढा पोटात घेऊ शकते. त्याच महिन्यांत ते काठोकाठ भरले, तर ते संकट ठरू शकते. हा नियम आपल्या कोयनेला आणि वारणेलाही लागू आहे. १०५ टीएमसीचे कोयना आणि ३४ टीएमसीचे वारणा धरण एकाच वेळी विसर्ग सोडू लागले, तर सांगलीत पाणी चढण्यास शेजारच्या राज्याची गरज उरत नाही.

बाबासाहेबांची जलनीती

या तंट्यात आपल्या समाजाने कोणती भूमिका घ्यावी, याचा विचार करताना १९४२ ते १९४६ हा काळ डोळ्यांपुढे आणावा. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३ च्या दामोदर नदीच्या पुरानंतर त्यांनी बंगाल आणि बिहार या दोन प्रांतांना केंद्रासह एका बैठकीत बसविले. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्यास ही परिषद भरली. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा अनुभव त्यांच्यासमोर होता. त्याच वर्षी केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. नोव्हेंबरात कटक येथे महानदीच्या प्रश्नावर बोलताना अतिरिक्त पाणी हे संकट समजण्याची सवय सोडावी, माणसाला पाण्याच्या अभावाचा त्रास अधिक होतो, अशा आशयाचा विचार त्यांनी मांडला. नदीचे संपूर्ण खोरे हे एक एकक मानावे आणि पूरनियंत्रण, सिंचन, वीज, नौकानयन यांचा विचार एकत्र करावा, हे त्या धोरणाचे सूत्र होते.

म्हणजे आपण धरणविरोधाची परंपरा सांगू शकत नाही. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या पुढाऱ्याने पुढे नद्यांच्या खोऱ्यांचे नियोजन केले. दोन्हींमागील तत्त्व एक होते : पाणी सर्वांचे आहे आणि ते सर्वांपर्यंत पोहोचले पाहिजे.

परंतु दामोदरचा पुढील इतिहासही तितकाच शिकविणारा आहे. मूळ आराखड्यात याहून अधिक धरणे होती. पहिल्या टप्प्यात तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चारच झाली. बुडणारी गावे बहुतांशी तेव्हाच्या बिहारात, आजच्या झारखंडात. पुरापासून संरक्षण व कालव्यांचे पाणी मुख्यतः खालच्या बंगालात. उठलेल्यांत संथाळ आणि इतर आदिवासी मोठ्या संख्येने होते. योजना खोऱ्याची झाली, पण सोसणे आणि मिळणे यांची वाटणी खोऱ्यात समान झाली नाही.

नागार्जुनकोंडा

कृष्णेच्याच प्रवाहात आणखी खाली आपल्या अंतःकरणाशी निगडित असे एक उदाहरण आहे. इक्ष्वाकू राजांची राजधानी विजयपुरी, आणि तिच्या परिसरातील स्तूप, विहार व चैत्यगृहे नागार्जुनकोंड्याच्या दरीत होती. १९२६ मध्ये या अवशेषांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. डिसेंबर १९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते नागार्जुनसागर धरणाची पायाभरणी झाली, आणि ही दरी बुडणार हे निश्चित झाले. त्यापूर्वीच, १९५४ पासून, पुरातत्त्व खात्याने मोठे उत्खनन हाती घेतले होते; ते १९६० पर्यंत चालले. महत्त्वाच्या वास्तू दगडादगडाने उचलून टेकडीवर, जी आज जलाशयातील बेट आहे, आणि काठावरील अनुपू येथे पुन्हा उभ्या करण्यात आल्या. उरलेली दरी पाण्याखाली गेली.

बुद्धधम्माच्या इतिहासातील एक अमूल्य स्थान आपण शेतकऱ्यांच्या पाण्यासाठी दिले. तेलंगण आणि आंध्रमधील लाखो एकर त्या पाण्यावर आज पिकतात. याबद्दल आम्हास खंत आहे, तक्रार नाही. मात्र त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दगडांचीही मोजणी झाली, त्यांना क्रमांक दिले गेले, कोणता दगड कोठे बसवावयाचा याचे नकाशे झाले. ही काळजी योग्यच होती. एवढीच काळजी, क्रमांकासह आणि नकाशासह, उठणाऱ्या माणसांची घेणे शक्य असते, हे नागार्जुनकोंड्याने सिद्ध केले आहे.

रकान्याबाहेरची माणसे

२०१९ च्या पुरात काही कुटुंबे आपल्या शाळेच्या वर्गखोल्यांत उतरली होती. पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले. कागदपत्रे भरण्यास साहाय्य म्हणून आम्ही काही दिवस वस्तीवर जात होतो. नदीकाठच्या बहुतेक गावांत आपली वस्ती खालच्या अंगाला, नदीच्या सर्वांत जवळ असते; पाणी प्रथम तेथे शिरते आणि शेवटी तेथून निघते. एका बागायतदाराच्या तक्त्यात उसाचे क्षेत्र, विहिरीवरची मोटार, गोठा अशी नोंद झाली. ती योग्यच होती. शेजारी त्याच्याच शेतात खुरपणीस जाणारी एक बाई उभी होती. तिने आम्हास विचारले, "गुरुजी, ऊस त्यांचा बुडाला, तो मांडला. माझी दोन महिन्यांची मजुरी बुडाली, ती कुठं मांडायची?"

तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता. घरात पाणी शिरल्याची नोंद झाली, मजुरी बुडाल्याची झाली नाही. लिहिणारा कर्मचारी वाईट नव्हता. त्याला दिलेला कागदच तसा होता.

अलमट्टीच्या विस्ताराचा विचार करताना ही बाई आम्हास पुन्हा पुन्हा आठवते. कर्नाटकाने ठरविलेला मोबदला बागायती एकरास ४० लाख आणि कोरडवाहू एकरास ३० लाख रुपये आहे. जमीन असणाऱ्याच्या दृष्टीने हा दर चांगला आहे, आणि त्याला तो मिळालाच पाहिजे. पण जो त्या एकरावर राबतो आणि ज्याच्या नावे उतारा नाही, त्याला एकराचा दर लागू होत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने 'बाधित कुटुंब' या व्याख्येत संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका करणाऱ्या भूमिहीनांचाही समावेश केला, ही मोठी सुधारणा होय. त्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत रोजगार, किंवा पाच लाख रुपये एकरकमी, किंवा वार्षिकी यांचा पर्याय आणि विस्थापितांसाठी वर्षभर दरमहा तीन हजार रुपयांचा निर्वाहभत्ता आहे. पाटबंधारे प्रकल्पात जमीन गमावणाऱ्यास शक्य तितके करून लाभक्षेत्रात किमान एक एकर, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या खातेदारास गेलेल्या जमिनीइतकी किंवा अडीच एकर यांपैकी जी कमी असेल तेवढी जमीन देण्याची तरतूद आहे. आपल्या पालकांनी ही कलमे पाठ करावीत, असे आम्ही सांगू. कायद्यातील हक्क मिळवावयाचा तर आधी यादीत नाव लागते, आणि यादी करणारा सहसा उताऱ्यापासून आरंभ करतो.

आमचे मत

या अभ्यासाअंती आम्ही पुढील मतास आलो आहोत.

पहिले, उंचीचा निर्णय होण्यापूर्वी अलमट्टीपासून सांगलीपर्यंतच्या नदीपात्राची संयुक्त मोजणी व्हावी. गाळ किती, फुगवटा कोठवर, पुढील पन्नास वर्षांत काय होईल, हे खोऱ्यातील सर्व राज्यांच्या तज्ज्ञांनी आणि त्यांनी मिळून निवडलेल्या त्रयस्थाने ठरवावे. दोघे, दोघे आणि पाचवा, हा सिद्धार्थाचा आराखडा आजही उपयोगी पडेल. निष्कर्ष मराठीत व कन्नडात प्रसिद्ध व्हावेत, जेणेकरून काठावरचा माणूस ते वाचू शकेल.

दुसरे, कोयना, वारणा, राधानगरी, हिप्परगी आणि अलमट्टी यांचे पावसाळ्यातील वेळापत्रक एकत्र असावे आणि ते सर्वांवर बंधनकारक असावे. आजच्या उंचीलाही ते तितकेच आवश्यक आहे.

तिसरे, पाणी चढण्यापूर्वी पुनर्वसन पूर्ण व्हावे आणि बाधितांची यादी भूमिहीनांपासून सुरू व्हावी. कोयनेच्या विस्थापितांना दशकानुदशके न्यायासाठी धरणे धरावी लागली. ती चूक कोणत्याही राज्याने पुन्हा करू नये.

चौथे, आपल्या बाजूस पूररेषेच्या आतील वस्त्यांचे, तेथील लोकांच्या संमतीने आणि एकत्रितपणे, उंच जागी स्थलांतर व्हावे. अलमट्टी वाढो अथवा न वाढो, हे काम महाराष्ट्राचे स्वतःचे आहे आणि ते करण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.

पहिल्या तीन अटी पूर्ण होईपर्यंत उंची वाढवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु त्या पूर्ण झाल्यावरही केवळ पाणी पलीकडच्या राज्यास मिळते म्हणून विरोध चालू ठेवणे, हे विजयपूरच्या दुष्काळी शेतमजुरावर अन्याय करणारे होईल. त्याच्या मुलाची शाळा सुटू नये, ही आपलीही जबाबदारी आहे.

स्वाध्याय

शिक्षकाची सवय सुटत नाही, म्हणून माजी विद्यार्थ्यांसाठी चार प्रश्न देत आहोत.

१. आपल्या गावाजवळच्या कोणत्याही धरणामुळे उठलेल्या गावांची नावे आपणांस ठाऊक आहेत काय? नसतील तर वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.

२. त्या धरणाचे पाणी कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत पोहोचते काय? पोहोचत नसेल तर मध्ये कोणाकडे थांबते?

३. आपल्या वस्तीत पूर येतो काय? निळी पूररेषा आपल्या घराच्या कोणत्या बाजूने जाते?

४. आपल्या कुटुंबाकडे असलेल्या वतनी जमिनीच्या उताऱ्यावर आज कोणाची नावे आहेत? मृत वारसांची नोंद झाली आहे काय?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर याच महिन्यात तलाठी कार्यालयात जाऊन मिळवावे. संपादनाची नोटीस आल्यावर नावे लावण्यास धावपळ करणारी अनेक कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

आणि ज्याने सातवीत तो प्रश्न विचारला होता, त्याला आमचे उत्तर असे : बाळा, तुझे घर पुन्हा बुडेल की नाही हे आज कोणीही शपथेवर सांगू शकत नाही, जो सांगतो त्याच्याकडे मोजणीचे आकडे माग. मोजणी झाली नसेल, तर ती होईपर्यंत उंची थांबवण्याचा आग्रह धर. ती झाली आणि पाणी सुरक्षित ठरले, तर पलीकडच्या मुलासाठी ते अडवू नकोस. आणि तुझ्या वस्तीत पुढच्या वेळी कोणी तक्ता घेऊन आला, तर त्या बाईच्या मजुरीचा रकाना त्यात आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहा. नसेल, तर तो आखून घे.